मामा म्हणतात, "सांगायचं नाही"

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून) :

पत्र लिहिणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे. मूळची सांगली जिल्ह्यातली, आता पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते आणि दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला परराज्यात असत. ती तीन वर्षांची असताना ते गेले, दोन वर्षांनी आई गेली. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे. आजी आणि मामा-मामींनी तिला वाढवलं. सातव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा 'रक्त वाढायच्या गोळ्या' असं तिला सांगितलं होतं. नववीत असताना दवाखान्यातल्या भिंतीवरचा बोर्ड वाचून तिला खरं कळलं. आजही तिच्या गोळ्या मामाच गावाकडच्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून आणतात.

मामांनी एक स्थळ आणलं आहे. मुलगा चाकणला नोकरीला आहे. दोनदा भेट झाली, तिला तो आवडला. मामा म्हणतात, "काही बोलायचं नाही. गोळ्यांचं विचारलंच तर थायरॉइडच्या म्हण. एकदा संसार सुरू झाला की कोण विचारतंय?" पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची आहे. ती लिहिते, "मामांचं ऐकलं तर मी एका माणसाला फसवते. नाही ऐकलं तर ज्यांनी मला जगवलं त्यांचंच नाक कापते. त्यापेक्षा लग्नच नको म्हणू का? माझ्यासारखीनं कुणाच्या आयुष्यात जावंच का?"

शेवटी ओझरते उल्लेख आहेत. मे महिन्यात मैत्रिणींबरोबर कोकणात गेली तेव्हा चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. वडिलांना लग्नाआधीच माहीत होतं, असं आजी एकदा बोलून गेली. आणि तिला आईवडील दोघांचाही राग येतो.

उत्तर :

तुझ्या पत्रात लग्नाला दोन पानं आहेत आणि चुकलेल्या गोळ्यांना एक ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सुपारी पुढे ढकलता येईल, हे येणार नाही.

एकाच खोलीत सगळ्या झोपायच्या होत्या, डबी बाहेर काढायची हिंमत झाली नाही, असं तू लिहिलं आहेस. त्याआधीही असं "कधी कधी" झालं आहे. लहानपणी आजी समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. पुढे हॉस्टेल येतं, नोकरी येते, आजीची नजर मागे राहते आणि शेजारी दुसऱ्याच नजरा येतात, ज्यांच्यापासून गोळी लपवायची असते. तुझ्या वयाच्या कितीतरी जणांचे डोस इथेच चुकायला लागतात. म्हणून मी तुला रागावत नाही. पण आत काय घडतं ते कळू दे. औषधाने विषाणू दबून राहतो, शरीरातून जात नाही. खंड पडला की तो पुन्हा वाढू लागतो, आणि रक्तात औषध अर्धंमुर्धं उरलेलं असताना वाढला तर त्या औषधाला न जुमानणारा प्रकार तयार होऊ शकतो. तुला हे इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. तू सातव्या वर्षापासून औषधं घेते आहेस आणि पुढची पन्नास-साठ वर्षं घ्यायची आहेत, त्यामुळे चांगलं लागू पडणारं औषध वाया घालवणं तुला परवडणारं नाही. सध्या बहुतेकांना मिळते ती डोल्युटेग्रॅविर असलेली एकत्रित गोळी जुन्या औषधांपेक्षा बरीच भक्कम आहे. चार दिवसांत सगळं बिघडलं असेल असं मला वाटत नाही, पण इथे अंदाजावर राहायचं नाही.

मग शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी, कधी झाला आणि किती आला? तू लिहितेस, "मामांना माहीत असेल." अख्ख्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचलेलं वाक्य हे आहे. तू चोवीस वर्षांची आहेस, कंपनीचे हिशेब सांभाळतेस, आणि तुझ्या रक्तात काय चाललं आहे त्याचा हिशेब अजून दुसऱ्याच्या पिशवीत आहे. मामांनी हे प्रेमानेच केलं असणार. पण ज्या गोष्टीचे कागदही तुझ्याकडे नाहीत, ती कुणाला सांगायची हे तू कसं ठरवणार?

तेव्हा पहिलं काम हे. गावाकडच्या सेंटरमध्ये स्वतः जा आणि नाव पुण्याच्या सेंटरला ट्रान्सफर करून माग. त्याला पैसे पडत नाहीत आणि तू सज्ञान असल्याने मामांच्या सहीची गरज नाही. पुण्यात एकापेक्षा जास्त एआरटी सेंटर आहेत. ऑफिसच्या वेळा सांभाळून जाता येईल असं निवड. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. तिथल्या काउन्सेलरला गोळ्या चुकल्याचं खरं सांग. खंड लपवलास आणि आकडा वाढलेला आला, तर औषधच लागू पडत नाही असं डॉक्टरांना वाटेल. व्हायरल लोड एरवी वर्षातून एकदा करतात, पण तुझ्या बाबतीत तो आत्ता करता येईल का ते विचार.

गोळीची वेळही विचारून घे. पूर्वीच्या एका औषधाने गरगरायचं, म्हणून अनेकांना रात्री झोपताना गोळी घ्यायची सवय लागली आणि औषध बदललं तरी ती राहिली. आताची गोळी दिवसा घेतली तरी चालते. रूममेटसमोर रात्री डबी काढण्यापेक्षा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत घेणं तुला सोपं जाईल. फक्त वेळ रोजची एकच ठेव. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण रिकाम्या पोटी त्या बरोबरच घेतल्या तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. रूममेटना काही सांगायची मात्र गरज नाही. एका घरात राहण्याने, एका ताटात जेवण्याने, एका बाथरूमने त्यांना काहीही होत नाही, त्यामुळे त्यांचा तुझ्या आजाराशी संबंधच येत नाही.

आता तुझं ते "माझ्यासारखीनं".

तू हा शब्द असा वापरतेस जणू तुझ्या आत काहीतरी आहे आणि जवळ येईल त्याला ते बाधेल. या समजाला आता आधार उरलेला नाही. औषधाने विषाणू इतका दबला, की रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (तपासणीत विषाणू सापडला नाही) येतं आणि तसंच येत राहतं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये त्यातून दिसलं. पुढे युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेल्या सुमारे ५८ हजार संबंधांची नोंद झाली. पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू दबलेला असताना त्याच्याकडून दुसऱ्याला लागण झाल्याचं एकदाही आढळलं नाही. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अट एकच, गोळी चुकवायची नाही. मी कोकणापासून सुरुवात का केली ते आता लक्षात आलं असेल.

मूल होईल का, हे तू विचारलेलं नाहीस. विचारायचं धाडस झालं नाही, असं मला वाटतं, म्हणून मीच सांगते. होईल. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता साधारण १५ ते ४५ टक्के असते. तुझ्या आईच्या वाट्याला तेच आलं. गरोदरपणाच्या आधीपासून औषध चालू असेल आणि विषाणू दबलेला असेल तर ती एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. बाळाला पहिले काही आठवडे औषध देतात, सहाव्या आठवड्यापासून अठरा महिन्यांपर्यंत ठरावीक टप्प्यांवर तपासतात. दूध पाजण्याबद्दल तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं असतं. सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत आहे.

"मला लग्नाचा हक्क आहे का" असाही एक सूर पत्रात आहे. हा प्रश्न कोर्टातही गेला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचा लग्नाचा हक्क जणू स्थगित असल्याची भाषा आली होती. २००२ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती बाजूला ठेवली. तो हक्क तुला आहे.

आईवडिलांच्या रागाबद्दल लिहिताना मला जड जातंय. आईचा राग तू हळूहळू सोडू शकशील असं वाटतं. तुझा जन्म झाला त्या सुमारास खेड्यातल्या गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी सरसकट होत नव्हती. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध सरकारी दवाखान्यांत नुकतं कुठे येऊ लागलं होतं. सरकारने एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली ती एप्रिल २००४ मध्ये, देशभरात मिळून फक्त आठ रुग्णालयांत. आपल्या राज्यातलं केंद्र होतं मुंबईचं जे. जे. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम आला २००६ च्या अखेरीस. तुझ्या आईला स्वतःला काय झालंय हेच बहुधा फार उशिरा कळलं असेल, आणि कळलं तेव्हा तिच्या गावापर्यंत काही पोहोचलेलं नव्हतं. तिने तुला हे दिलं नाही. तिलाही ते कुणाकडून तरी आलं होतं, आणि आजीचं म्हणणं खरं असेल तर ज्याला माहीत होतं त्याने ते सांगितलं नाही.

वडिलांवरचा राग सोड, असं मी म्हणणार नाही. तो रास्त आहे. मात्र तो कशाबद्दल आहे ते नीट पाहा. त्यांना आजार होता याचा तुला राग नाही. त्यांनी न सांगता लग्न केलं याचा आहे. आता मामा तुला जे करायला सांगताहेत ते याच्या शेजारी ठेवून बघ. मामा तुझ्या आईचे भाऊ. त्यांच्याच बहिणीच्या लग्नात जे दडवलं गेलं, तेच ते आज एका परक्या घरातल्या मुलाच्या बाबतीत दडवायला सांगत आहेत, आणि त्यांच्या हे ध्यानातही आलेलं नसावं.

दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. तुझ्या आईला लागण झाली. तुझे औषध नीट चालू असेल तर या मुलाला होणार नाही. हा फरक मोठा आहे. पण लागण टळली म्हणजे सगळं टळलं असं नाही. तो माणूस रोज रात्री तुझ्या शेजारी झोपेल, तुझी थायरॉइडची गोळी म्हणून तुला पाण्याचा ग्लास आणून देईल, आणि तू तो घेशील. पाच वर्षांनी एखाद्या दवाखान्यात फाइल उघडेल. त्याला लागण झालेली नसेल, तरी तेवढ्या वर्षांचा सगळा संसार त्याला खोटा वाटेल. तू स्वतः नववीत त्या बोर्डासमोर उभी होतीस. घरच्या माणसांनी आपल्यापासून केवढी गोष्ट लपवली होती, हे कळतं तेव्हा काय वाटतं ते मी तुला सांगायची गरज नाही. कायद्याचं म्हणशील, तर अशी महत्त्वाची गोष्ट लपवून झालेलं लग्न फसवणुकीच्या कारणावरून रद्द करून मागता येऊ शकतं. मामांना संसाराचं हे बोलणं हळवं वाटलं तर त्यांना कायद्याचं सांग.

म्हणून माझं मत आडपडद्याशिवाय : लपवून लग्न करू नकोस. या एका गोष्टीत मी दोन्ही बाजू तोलून दाखवणार नाही.

पण "मुलाला सांगायचं" म्हणजे "सगळ्यांना सांगायचं" असं तू धरून चालली आहेस, तिथे थांब. मामांच्या आणि तुझ्या भीतीचं मूळ तेच आहे. पहिल्या कांदेपोह्यांना हे सांगायची गरज नसते. बायोडाट्यात लिहायची नसते, मध्यस्थाच्या कानावर घालायची तर मुळीच नसते. दोघांची पसंती मनापासून आहे असं वाटलं की सुपारीच्या आधी, त्या एका माणसाला, समोरासमोर सांगायचं. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुझी स्थिती कुणासमोर उघड करायला तुला भाग पाडता येत नाही, आणि तू विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुझ्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला त्या कायद्याने मनाई आहे. नोकरीसाठी एचआयव्हीच्या चाचणीची अट घालता येत नाही, आजारामुळे घरमालकाला घर नाकारता येत नाही. गावातल्या पारावरच्या बोलण्याला कायदा लगेच आवर घालत नाही, हे मला कळतं. त्यामुळे सावधपणे सांग.

आधी त्या मुलाला थोडं ओळख. दोन भेटी पुरेशा नाहीत. कुणाच्या आजारपणाचा, कुणाच्या घटस्फोटाचा विषय निघाला तर तो कसा बोलतो, मित्रांची गुपितं तुझ्यापुढे सांगत सुटतो का, आईच्या शब्दाबाहेर एखादी गोष्ट कधी केली आहे का, ते बघ. तो भरवशाचा वाटला नाही तर हे स्थळ नाकार, आणि तेव्हा कारण सांगायला तू बांधील नाहीस. 'लपवून करायचं' आणि 'कधीच करायचं नाही' या दोन टोकांमध्ये तू अडकली आहेस. "हे स्थळ नको" किंवा "यंदा नको" एवढं साधं उत्तरही असू शकतं, हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही.

भरवसा वाटला तर व्हायरल लोडचा रिपोर्ट हातात आल्यावर बोल, त्याआधी नको. पुण्यात भेट, गावाकडे नाही. दुपारची वेळ, चार माणसं आजूबाजूला असतील पण शब्द ऐकू जाणार नाहीत अशी जागा. फोनवर नको, व्हॉट्सअपवर अजिबात नको, आणि रिपोर्टचा फोटो पाठवू नकोस, हवा तर समोर दाखव. फार प्रस्तावना करू नकोस. रडू आलं तर येऊ दे, पण माफी मागू नकोस. साधारण असं म्हणता येईल : "मला जन्मापासून एचआयव्ही आहे. आईकडून आला. लहानपणापासून औषध घेते, आता दिवसाला एक गोळी आहे. माझा रिपोर्ट चांगला आहे, आणि तो असा राहिला तर जोडीदाराला लागण होत नाही. तुम्हाला लग्न ठरायच्या आधी हे कळायला हवं म्हणून सांगतेय. लगेच उत्तर देऊ नका. डॉक्टरांना विचारायचं असेल तर आपण दोघं जाऊ. पण माझ्या परवानगीशिवाय हे कुणाला सांगू नका, तुमच्या घरीसुद्धा." बाहेर बोलायचं दडपण वाटत असेल तर काउन्सेलरला सांग. त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर सांगता येतं, आणि त्याच्या मनात येणाऱ्या पन्नास प्रश्नांना उत्तरं द्यायला तिथे जाणकार माणूस असतं.

त्याच्या आईवडिलांना सांगायचं का? माझ्या मते तुझ्या रक्ताच्या रिपोर्टवर सासू-सासऱ्यांचा हक्क नाही. तो हक्क ज्याच्याशी संसार करायचा त्याचा आहे. चाकणला दोघंच राहणार असाल तर ही गोष्ट दोघांत राहू शकते. एकत्र घरात राहायचं असेल तर आयुष्यभर गोळी लपवणं फार दमवणारं आहे, आणि दमलं की गोळी चुकते. ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.

तो नाही म्हणू शकतो. चार दिवस छान बोलून मग फोन उचलायचा बंद होऊ शकतो. तुला फार लागेल, आणि त्या दिवसांत एकटी राहू नकोस. सेंटरमध्ये तुझ्या वयाची, तुझ्यासारखीच जन्मापासून गोळ्या घेणारी मुलंमुली असतात. काउन्सेलरला विचारून त्यांना भेट. तुझं पत्र वाचून वाटलं, की हे सगळं भोगणारी जगात आपण एकटीच आहोत असं तुला आजवर वाटत आलंय. गोळ्या आल्यामुळे वाचलेली आणि आता लग्नाच्या वयाला आलेली ही पहिली पिढी आहे. तुमची लग्नं कशी जमवायची याची रीत कुठल्याच मामाला ठाऊक नाही, म्हणून ते जुनी रीत वापरतात, झाकून टाकायची.

एचआयव्हीसह जगणारा जोडीदार शोधणं हाही रस्ता आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा लोकांच्या संघटना आहेत, वधू-वर मेळावे होतात, आणि लातूर जिल्ह्यात हासेगावच्या 'सेवालय'सारख्या संस्थांनी तिथे वाढलेल्या मुलामुलींची लग्नं लावून दिली आहेत. तिथे सांगण्याचं ओझं नसतं, ही मोठी मोकळीक आहे. मात्र 'आपल्याला तेवढंच मिळणार' म्हणून तिकडे जाऊ नकोस. आजार सारखा असला म्हणून माणसं जुळतातच असं नाही, आणि त्या माणसाच्या गोळ्या नियमित आहेत का हेही पाहावं लागतं. लग्न न करता राहणं हाही मान्य करण्याजोगा रस्ता आहे. फक्त तो तुला आवडला म्हणून निवड, शिक्षा म्हणून नको. पत्रात त्या मुलाबद्दल तू जे लिहिलंस, त्यावरून तुला एकटं राहायची ओढ आहे असं मला तरी दिसलं नाही.

मामांशी बोलणं मला मुलाशी बोलण्यापेक्षा अवघड वाटतं. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या आहेत असं तू कंसात लिहिलं आहेस. खरी भीती त्या कंसात आहे. तुझी गोष्ट बाहेर पडली तर त्यांच्या मुलींची स्थळं मोडतील, असं त्यांना वाटतं, आणि आपल्या समाजात ही भीती निराधार नाही. म्हणून त्यांना स्वार्थी ठरवू नकोस. शिवाय त्यांनी जो एचआयव्ही पाहिला तो वीस वर्षांपूर्वीचा आहे. बहीण त्यांच्यासमोर खंगत गेली. आजच्या रिपोर्टचा अर्थ त्यांना कुणी समजावलेला नसेल. दर खेपेला गोळ्यांची पिशवी घेऊन ते खाली मान घालून बाहेर पडत असतील. त्यांना एकदा पुण्याला बोलाव आणि काउन्सेलरसमोर बसव. त्यांना म्हण, "मामा, तुम्ही मला जगवलंत. तुमच्या मुलींना धक्का लागेल असं मी काही करणार नाही. गावात कुणाला कळणार नाही. पण त्या मुलाला न सांगता मी उभी राहणार नाही. आईच्या वेळी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे." शेवटचं वाक्य जपून, एकदाच बोल, आणि त्यांना उत्तर द्यायला लावू नकोस. ते चिडतील. कदाचित काही महिने बोलणार नाहीत. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण त्यांची फेड म्हणून एका तिसऱ्या माणसाला अंधारात ठेवता येत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या आजी-आजोबांना, मामा-काकांना एक विनंती. घरात असं मूल असेल तर त्याला 'रक्त वाढायच्या गोळ्या' म्हणत राहू नका. सहा-सात वर्षांपासून त्याच्या समजेप्रमाणे थोडं थोडं सांगत जा आणि बाराव्या वर्षापर्यंत आजाराचं नाव त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या. कसं सांगायचं ते काउन्सेलर शिकवतात. आणि एखादी मुलगी किंवा मुलगा तुमच्यासमोर बसून अशी गोष्ट सांगत असेल, तर तुमचं उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. तेवढं ऐकून घ्या, सांगितल्याबद्दल आभार माना आणि ती गोष्ट तिथेच ठेवा.

तुला इतक्यात सेंटरमध्ये जायला जमलं नाही तर १०९७ वर फोन कर. ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे. मन फारच उदास झालं, झोप उडाली, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी बोल. आणि सुपारी पुढे ढकलायला सांग. मामांनी कारण विचारलं तर "मला त्याच्याशी अजून बोलायचंय" एवढं सांग.